लंकाबाईंचे गोल तळाचे बूट

लंकाबाई एसटीतून रिटायर झाल्या तेव्हा आमच्या जेल रोडच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांना वाटलं, आता ही बाई जरा टेकेल. सगळी नोकरी नांदगाव आणि देवळ्याच्या गाड्यांवर कंडक्टर म्हणून उभ्याने गेलेली. बाजाराच्या दिवशी गाडी गच्च भरायची, पायात कांद्याच्या गोण्या, कोपऱ्यात कुणाच्या तरी कोंबड्या, आणि त्यातून लंकाबाई कशालाही न धरता पुढून मागे जायच्या. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्यात सुट्टे. धरायला हात उरायचा कुठे?

पण टेकणं त्यांना जमेना. मुलगा दीपक एकलहऱ्याच्या वीज केंद्रात शिफ्टला जायचा, सून वैष्णवी घरी शिकवण्या घ्यायची. लंकाबाई सोफ्यावर बसायच्या, लगेच उठून गॅलरीत उभ्या राहायच्या.

"आई, बसा ना जरा," वैष्णवी म्हणायची.

"बसून लय दमायला होतं गं मला."

फिरायला जावं तर उजव्या पायाचा अंगठा आड यायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अंगठ्याचा सांधा झिजून आखडलाय. पाऊल उचलताना अंगठा वाकला की कळ मस्तकात जायची. म्हणून त्या पाय बाहेरच्या कडेवर टाकत, एका अंगाला कलत चालायच्या. जॉगिंग ट्रॅकवर अर्धी फेरी झाली की परत.

वैष्णवीने मोबाईलवर एका बुटांची जाहिरात पाहिली. तळ होडीसारखा, टाचेकडून आणि चवड्याकडून वर उचललेला. जाहिरातीत म्हटलं होतं की नुसतं चालून मांड्या घट्ट होतात, पोट उतरतं.

"माझं पोट मला काय बोललं नाय आजवर," लंकाबाई म्हणाल्या. "कशाला उतरवू त्याला?"

तरी बूट आले. आधी वैष्णवीनेच घालून पाहिले आणि दुसऱ्या पावलाला कपाट धरलं. मग लंकाबाईंनी घातले. साडीचा घोळ वर खोचून त्या हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या. पाय आपोआप थोडे फाकले, गुडघे सैल झाले, बूट पुढेमागे डुलले आणि त्या मात्र सरळच.

"अगं, ही तर चालू गाडी हे!" त्या हसल्या. रिटायर झाल्यापासून त्यांचं असं हसणं घरात कुणी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर त्यांची पूर्ण फेरी झाली. अंगठ्याला वाकावंच लागत नव्हतं, बुटाचा तळच पाऊल पुढे लोटून द्यायचा. सुरुवातीला पोटऱ्या भरून आल्या, रात्री तेल लावून घ्यावं लागलं. पण महिन्याभरात पाठ ताठ झाली, चालणं सरळ झालं. पोट जिथल्या तिथे राहिलं. वैष्णवी जरा हिरमुसली, लंकाबाईंना त्याचं काही वाटलं नाही.

ट्रॅकवर त्यांची मैत्रीण होती गोदावरीताई. पंचवटीतल्या भिक्षुकांच्या घरातल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या. यजमान गेलेले, मुलगी मृण्मयी बंगळुरूला. एकीने आयुष्यभर एसीत खुर्चीवर बसून काम केलेलं, दुसरीने धुळीत उभं राहून. पण सकाळी दोघींचं बोलणं संपायचं नाही. आता मात्र लंकाबाई पुढे निघून जायच्या आणि गोदावरीताई मागे राहायच्या.

"अहो लंकाताई, तुम्ही तर मला सोडूनच चाललात."

"मग तुम्ही बी घ्या की असे बूट. चार दिवस डुगडुगतं, मग सवय होती."

गर्दीच्या गाडीत प्रत्येकाला कुठे ना कुठे जागा करून द्यायचा लंकाबाईंचा स्वभाव. आपल्याला जे चांगलं मिळालं ते मैत्रिणीला मिळालंच पाहिजे. मृण्मयीने बूट मागवून दिले. लंकाबाईंनी आठवडाभर हात धरून गोदावरीताईंना चालवलं. मग एका सकाळी म्हणाल्या, "सोडते हं हात. जा तुमच्या तुम्ही."

ट्रॅकवर सगळं नीट पार पडलं. गोदावरीताई लहान मुलीसारख्या खूश झाल्या. पण फाटकाबाहेर थोडा उतार होता आणि कडेला खडी पडलेली. समोरून दूधवाल्याची मोटरसायकल आली, गोदावरीताई बाजूला सरकल्या, पाऊल खडीवर पडलं आणि बूट आतल्या बाजूला वळला. लंकाबाई धावल्या, तोवर त्या खाली बसलेल्या होत्या. चेहरा पांढराफटक.

हाड वाचलं, पण घोट्याचं लिगामेंट फाटलं होतं. पायाला प्लॅस्टर आलं.

लंकाबाईंनी त्याच दुपारी आपले बूट माळ्यावर टाकले. रोज सकाळी भाजी-भाकरी घेऊन त्या गोदावरीताईंकडे जायच्या, भांडी घासायच्या, कपडे वाळत घालायच्या. शेवटी गोदावरीताईंनीच बुटांचा विषय काढला.

"लंकाताई, तुम्ही परत लंगडताय. बूट कुठेत?"

"माळ्यावर."

"का?"

"तुमचा पाय असा, आन मी मिरवत फिरू? माझ्यामुळं पडल्या तुम्ही."

"म्हणजे आता एकीच्या जागी दोघी लंगड्या. छान!" गोदावरीताई चिडल्या. "मला काय कुक्कुलं बाळ समजलात? मला हवे होते म्हणून घेतले मी."

प्लॅस्टर निघाल्यावर व्यायाम शिकवायला राखी नावाची फिजिओथेरपिस्ट घरी येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "काकू, शुगर आहे ना तुम्हाला? डोळे मिटा. मी तळपायाला कापूस लावते. लागला की सांगा."

गोदावरीताईंनी डोळे मिटले. लंकाबाई पलंगाशी उभ्या होत्या. राखीने कापूस टाचेवरून फिरवला, चवड्यावरून फिरवला, बोटांखाली टेकवला.

"अगं, लाव ना," डोळे मिटूनच गोदावरीताई म्हणाल्या. "कधी लावणार?"

राखीने लंकाबाईंकडे पाहिलं. लंकाबाईंनी पदर तोंडाला लावला.

मग राखीने शांतपणे समजावलं. शुगरमुळे तळव्यांची जाणीव गेली होती. ज्या पायाला खालची जमीन कळत नाही, त्याला डुलणारा बूट नको. रुंद, सपाट, घट्ट बसणारा हवा. "पडलात म्हणून हे आत्ता कळलं काकू. नाहीतर पुढे एखादी जखम चिघळल्यावर कळलं असतं."

"आन माझा पाय?" लंकाबाईंनी भीत भीत विचारलं.

राखीने त्यांचा अंगठा हलवून पाहिला. तो जेमतेम हलला. "तुम्हाला हे बूट मानवणारच, अंगठ्याला आराम मिळतो ना. घाला खुशाल, पण सपाट जागेवर. उतार, जिना, ओली फरशी, तिथे नको. आणि वजन उतरेल वगैरे मनात ठेवू नका."

"ते मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं," लंकाबाई म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी दोघी मैत्रिणी मोकळ्या हसल्या.

आता दोघी परत ट्रॅकवर दिसतात. गोदावरीताईंच्या पायात सपाट बूट असतात, आणि लंकाबाई आपल्या बुटांत मुद्दाम हळू चालतात. फाटकाशी आल्या की कट्ट्यावर बसून त्या बूट काढतात, पिशवीतल्या चपला घालतात आणि उतारावर गोदावरीताईंचा दंड धरतात.

राखीने रोज तळपाय तपासायला सांगितले आहेत. गोदावरीताईंना खाली वाकवत नाही, म्हणून संध्याकाळी लंकाबाई त्यांच्याकडे जातात, चष्मा लावून पाय मांडीवर घेतात. सुरुवातीला गोदावरीताई फार संकोचायच्या.

"अहो, पाय काय धरता माझे!"

"तिकडं टीव्ही बघा तुम्ही."

परवा लंकाबाईंना टाचेत काचेचा बारीक तुकडा सापडला. भोवती रक्त सुकलेलं. त्यांनी तो अलगद काढला, जखम धुऊन औषध लावलं.

"दुखत नव्हतं हो अजिबात," गोदावरीताई म्हणाल्या.

"म्हणूनच बघते ना मी," लंकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी दुसरा पाय मांडीवर घेतला.