गुरुवारच्या पाण्याची तालीम

घोड नदीच्या काठी, इनामगावच्या अलीकडं, तीन घरांत मिळून एक विहीर आहे. पाण्याच्या पाळ्या वाडवडिलांनी ठरवलेल्या. गुरुवार तुळजाबाईंचा. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. एक पुतण्या, नवनाथ, दौंडला रेल्वेत. तो शेतीकडं फिरकणार नाही हे साऱ्या गावाला माहीत होतं, आणि शेजारच्या सोपानरावांना तर फारच नीट माहीत होतं. त्यांचा कांदा दर साली शेवटच्या पाण्याला तोंड वासून बसायचा. म्हातारीच्या मागं नवनाथ शेत आपल्यालाच देईल आणि शेताबरोबर गुरुवारही चालत येईल, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. माणूस वाईट नव्हता. नुसता वाट बघत होता.

दिवाळी सरली आणि एक दिवस तुळजाबाई बांधावर येऊन उभ्या राहिल्या. “सोपाना, उद्या शिरूरला यायचं. मृत्युपत्र करतीया. साक्षीला माणूस पाहिजे.”

सोपानरावांनी धुतलेला सदरा घातला. कचेरीत वकिलांनी कागद वाचून दाखवला. राहतं घर पुतण्याला. शेत, आणि त्याच्यासोबत विहिरीतली गुरुवारची पाळी, ख्रिस्ती मिशनच्या वस्तीवरल्या बायकांच्या संस्थेला. याच बायकांनी जन्मभर तुळजाबाईंचं शेत खुरपलेलं, आणि त्यांच्या स्वतःच्या नावावर ना वीतभर जमीन, ना घोटभर पाणी.

सोपानरावांच्या हातातलं पेन थबकलं. “काकू, मलाच कशाला आणलं सहीला?”

“मग कुणाला आणू? माझ्या मागं भांडणार तूच. तूच सही कर, म्हंजी मी निवांत.”

वकील हसले. सोपानरावांना हसू येईना. पण बाई त्यांच्याकडं अशा विश्वासानं बघत होती, की त्यांनी सही केली.

परतीच्या एसटीत ती म्हणाली, “कागद झाला. पर कागद काय मोटर चालू करत न्हाई. विहिरीवरल्या मोटरच्या पेटीची किल्ली तुझ्याकडं. एकदा करून बघू.”

“काय करून बघू?”

“मी मेलेली.”

नाटकाची तालीम असते, लग्नाची तयारी असते. स्वतःच्या मरणाची तालीम घेणारी बाई सोपानरावांनी पहिल्यांदाच पाहिली.

गुरुवारी तुळजाबाई ओट्यावर बसल्या. तोंडावरून पदर ओढला. “आज मी न्हाई. मला कुणी काय इचारायचं न्हाई,” एवढं सांगून गप्प झाल्या. वस्तीवरून मेरी आणि चारदोन बायका आल्या होत्या. शेतात त्यांनी आधीच वांग्याची रोपं लावली होती. लाईट आली. सोपानरावांनी कुलूप काढलं, स्टार्टर दाबला. मोटर घुमली, पाटात पाणी पळू लागलं. मेरी खोरं घेऊन धावली आणि तिनं पाटाचं दारं फोडलं ते वांग्याकडं नाही, घरामागच्या तुळजाबाईंच्या शेवंतीकडं.

शेवंती पाणी पिऊ लागली. वांगी माना टाकून उभी. ओट्यावर पदराखाली चुळबुळ सुरू झाली. पायाचा अंगठा हलायला लागला. अखेर राहवेना.

“मेरी, मेलेल्या बाईची शेवंती कशाला भिजवतीस? वांगी करपायला लागली तिकडं.”

“मावशी, मेलेलं माणूस बोलत न्हाई,” मेरी शांतपणे म्हणाली. “आन् तुमच्या दारची फुलं तहानलेली ठेवून आमच्या गळ्याखाली वांगं कसं उतरंल?”

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सोपानरावही हसले.

पदराआडून आवाज आला, “बरं, न्हाई बोलत. पर सोपाना, तू तर जित्ता हायेस ना? तू सांग.”

सगळ्यांच्या नजरा सोपानरावांवर. “वांग्याकडं घ्या, मेरीबाई. पाणी तुमचं हाय.”

पाणी तुमचं हाय. शब्द तोंडातून गेले आणि त्यांचे त्यांनाच ऐकू आले. ओट्यावरचा पदर किंचित हलला, पण आतून काही आवाज आला नाही.

माघात तुळजाबाई खरंच गेल्या. निजल्या त्या उठल्याच नाहीत. नवनाथनं येऊन सगळं केलं. मग पहिला गुरुवार आला. लाईट आली तरी वस्तीवरून कुणी फिरकलं नाही. घरात सुतक, अशात पाणी कसं मागायचं, म्हणून बायका घरीच थांबल्या होत्या.

सोपानराव पेटीपाशी उभे होते. किल्ली हातात. पलीकडं त्यांच्या कांद्याची पात पिवळी पडत चाललेली. ओटा रिकामा. आज पाट आपल्याकडं वळवला असता तर विचारणारं कुणी नव्हतं.

ते खूप वेळ ओट्याकडं बघत राहिले. मग किल्ली मुठीत धरून वस्तीच्या वाटेला लागले.

“मेरीबाई, लाईट आलीया. खोरं घ्या.”

“आज? आज कसं, मामा?”

“आज गुरुवार हाय.”

मोटर घुमली. मेरीनं दारं फोडलं, आणि पाणी पुन्हा शेवंतीकडंच वळलं. सोपानरावांचं वाक्य ओठांपर्यंत आलं. ते त्यांनी गिळलं. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि शेवंतीचा वाफा काठोकाठ भरेपर्यंत तसेच उभे राहिले.

मग हळूच म्हणाले, “आता वांग्याकडं.”