गोल घर कोणी बांधलं

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय — कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणूनच.

अंबरनाथ पूर्वेला, जुन्या खदानीच्या खाली, काळ्या दगडाचं एक घर आहे. अगदी गोल. एकही कोपरा नाही. गणपत मिस्त्री खदानीत कामाला होते. तिथे टाकून दिलेले वाकडेतिकडे दगड त्यांनी सुट्टीच्या दिवशी डोक्यावरून आणले आणि एकट्याने रचले. तसल्या दगडांना कोपरा धरता येईना, म्हणून भिंतच वळवत नेली. लहानपणी मी हे डोळ्यांनी पाहिलंय. पाहणारी बाकीची माणसं आता राहिली नाहीत.

पुढे मी जागांची दलाली करून वर आलो — कोणाच्या बापाच्या जिवावर नाही. या घरासाठी उल्हासनगरचं तगडं गिऱ्हाईक आणलं, तर मिस्त्री चार माणसांसमोर म्हणाले, "दलाल ना तू? मग उंबऱ्याबाहेर उभा राहून बोल." मी काय भीक मागायला गेलो होतो? अजून आठवलं की डोकं तापतं. पण ते असो. त्याने काही झाकलं जात नाही.

मिस्त्री वारले. मग रस्ता रुंद व्हायचा ठरला आणि घर त्यात जाणार होतं. त्याच रांगेत माझा गाळा. मी आरडाओरडा केला, माणसं जमवली, आणि जुन्या वास्तू पाहणारे एक साहेब आले. भिंतीवरून हात फिरवत त्यांनी घराला फेरी मारली. म्हणाले, "असं घर मी पाहिलं नाही. हे पाडू देणार नाही. कोणी बांधलं ते कळलं तर पाटीवर नाव घालू."

मिस्त्रींची मुलगी शेवंता आत चहा ठेवत होती. दारात मी एकटाच.

काय अवघड होतं? दोन शब्दांचं नाव —

"कोणालाच ठाऊक नाही साहेब," मी म्हणालो. "लई जुनं आहे."

पाटी लागली : 'अज्ञात कारागीर'. शेवंता माझ्याकडे आली. "दादा, बाबांचं नाव कुठाय?" तेव्हा तरी सांगता आलं असतं. उलट मीच तिच्यावर खेकसलो, "नाव सांगशील तर घर नवं ठरेल, मग पाडतील! राहायचंय ना त्यात?"

तिला ते पटलं. माझ्यावर तिचा विश्वास होता — घर मीच वाचवलं ना!

आता रविवारी लोक घर बघायला येतात. शेवंता दार उघडते, पाणी देते. गेल्या रविवारी एका बाईंनी भिंतीला हात लावून विचारलं, "मावशी, कोणी बांधलं हो हे?"

शेवंताने आधी माझ्याकडे पाहिलं. मी 'नाही' अशी मान हलवली.

"ठाऊक नाही," ती म्हणाली.