वहिनी, टोचतंय का?

मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि सलग चार पानं लिहिली ती फक्त परीक्षेत. कुणा माणसाबद्दल लिहायचा आपल्याला अधिकार आहे का, हेच मला नीट कळत नाही. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांच्या बाबतीत तर तो नाहीच. तरी वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

ते गाडीच्या दारावर तळहात टेकवून डोळे मिटायचे. गाडीत गाणं चालू असायचं, मालक उत्सुकतेने बघत असायचा, आणि हे तसेच उभे. मग म्हणायचे, "दार थरथरतंय. एवढा जोर नको त्याला."

मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्यावर, एका सीटकव्हरवाल्याला लागून त्यांचं दुकान होतं. गाड्यांत टेप, स्पीकर, ॲम्प्लिफायर बसवून द्यायचं. मी वर्ध्याकडून पुण्याला शिकायला आलेलो. समोरच्या इमारतीत कॉटबेसिसवर राहायचो आणि इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी म्हणून संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. मी त्यांना काका म्हणायचो. ते मला इंजिनिअर म्हणायचे. त्यात थट्टा किती आणि कौतुक किती, हे मला कधीच ओळखता आलं नाही.

तुमच्यापैकी कुणी नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत पुण्यात असाल तर आठवेल. कंपन्या धडाधड उघडत होत्या, कुणाचा तरी भाऊ अमेरिकेहून बॅगेत स्पीकर घेऊन यायचा. ते गाडीत बसवले की पंचाईत व्हायची. टेपचा स्वतःचा जोर अपुरा, आवाज वाढवला की गाणं फाटायचं. मग ॲम्प्लिफायर शोधत लोक दुकानं पालथी घालायचे. इतर दुकानदार खोकं समोर ठेवायचे, त्यावर वॉटचा भलामोठा आकडा. काका खोक्याकडे बघायचेही नाहीत. स्पीकर उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचायला लावायचे.

"खोक्यावरचा आकडा खोक्यापाशी ठेवा. ह्यो स्पीकर रोज दमानं किती खातो, ते इथं लिहिलंय. तेवढंच वाढायचं त्याला."

आणि त्यांची एक अट होती. ॲम्प्लिफायर निवडायला एकट्याने यायचं नाही, गाडीत रोज बसणाऱ्या सगळ्यांना आणायचं. कॅसेटही घरचीच. मग ते दोन-तीन ॲम्प्लिफायर आळीपाळीने लांब वायरीवर जोडायचे, दारावर हात ठेवायचे आणि मागच्या सीटवरच्या बाईंना विचारायचे, "वहिनी, टोचतंय का?" पुण्यातल्या अशा दुसऱ्या कुठल्याही दुकानात वहिनींना कुणी काही विचारत नसे. त्यामुळे त्या आधी गोंधळायच्या आणि मग अगदी मन लावून ऐकायच्या.

एकदा धायरीचे एक गृहस्थ आले. जमीन विकलेली, दारात नवी जीप. म्हणाले, "हजार वॉटचा टाका. गावात शिरलो की कळलं पाहिजे."

"मग बँडच सांगा की," काका म्हणाले. "गाडीत बसणार कोण हाय?"

"आमची मंडळी."

"त्यांना आणा."

मंडळी आल्या, ऐकलं, तोंड वाकडं करून म्हणाल्या, "मेलं कानात सुया घालतंय." दुकानातला सर्वांत लहान ॲम्प्लिफायर बसला. महिन्याने ते गृहस्थ पुन्हा आले, आणि मी घाबरलो. "काय करून ठेवलंत तुम्ही?" ते म्हणाले. "घर आलं तरी बाई गाडीतनं उतरत नाही. गाणं संपू दे म्हणती."

काकांनी त्या दिवशी चहाबरोबर खारी मागवली, एवढंच.

तिसऱ्या वर्षाला मी प्रोजेक्टसाठी एक छोटं यंत्र बनवलं. त्यातून खर्जापासून बारीक शिट्टीपर्यंत सगळे आवाज काढता येत. कौतुकाने मी ते त्यांना दाखवायला नेलं. दुकानातल्या स्पीकरला जोडलं आणि आवाज चढवत गेलो. शिट्टी इतकी तीक्ष्ण झाली की मी कान दाबले. शेजारचा सीटकव्हरवाला बाहेर येऊन ओरडला, "अहो, माणसं राहतात इथे!" काका मात्र शांतपणे यंत्राकडे बघत होते.

"चालू कर की, इंजिनिअर," ते म्हणाले.

माझ्या तोंडाकडे बघून त्यांना समजलं. त्यांनी स्वतःच बटण बंद केलं. मग म्हणाले, "वरचं गेलंय. सात-आठ वर्षं झाली. खालचं हाताला कळतं, वरचं वहिनींना विचारतो. कुणाला बोलू नको."

मी म्हटलं, "नाही बोलणार." खूप मनापासून म्हटलं होतं.

त्यानंतर काही महिन्यांनी एक तरुण साहेब आले. सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या जागेवर होते, नुकतेच परदेशातून आलेले. ते एकटेच आले. काकांनी अट सांगितली. ते हसून म्हणाले, "अहो, मी एकटाच असतो गाडीत." काकांचा नाइलाज झाला. त्यांनी स्पीकर उलटा करून आकडा वाचला. साहेबांना मोठा ॲम्प्लिफायर हवा होता, काकांनी मधला सुचवला. साहेब माझ्याकडे वळले. "तू शिकतोस ना? तू सांग." मी कागदावर गणित मांडून दाखवलं. काकांचंच बरोबर निघालं. साहेब खूश झाले, माझी चौकशी केली. कॉलेज कुठलं, मार्क किती. माझ्याशी असं कुणी बोलण्याची मला सवय नव्हती.

ॲम्प्लिफायर बसला. साहेबांनी इंजिन चालू केलं, आणि गाण्यामागे एक बारीक शिट्टी सुरू झाली. ॲक्सिलरेटरवर पाय दाबला की शिट्टी चढायची. बॅटरीची वायर आणि आवाजाची वायर शेजारून गेली की असं होतं. एक वायर दुसऱ्या बाजूने फिरवायची, दहा मिनिटांचं काम.

"ही शिट्टी कसली?" साहेबांनी विचारलं.

काका दारावर हात ठेवून उभे होते. "कसली शिट्टी? छान वाजतंय की."

"तुम्हाला ऐकू येत नाहीये?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मला नुसतं एवढंच म्हणायचं होतं, "वायर फिरवतो सर." पण मी म्हणालो, "सर, त्यांना वरचे आवाज ऐकू येत नाहीत. मी बघतो."

का बोललो, हे मी स्वतःला खूपदा विचारलंय. उत्तर चांगलं नाही. साहेबांना कळावं असं वाटलं की इथे ऐकू येणारा माणूस मी आहे.

साहेब मोठ्याने हसले. "म्हणजे ॲम्प्लिफायर निवडणारा बहिरा?"

"खरंय ते," काका म्हणाले. वायर मी फिरवली. शिट्टी गेली. जाताना साहेबांनी मला त्यांचं कार्ड दिलं. काकांनी नेहमीसारखा चहा मागवला, मला इंजिनिअरच म्हणाले. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून जायचं सोडलं. परीक्षा जवळ आली आहे, असं स्वतःला सांगितलं. नंतर खोलीही बदलली.

त्या कार्डावर मला साहेबांच्याच कंपनीत पहिली नोकरी लागली. तिथे कुणीतरी मला एक जुनी मेल दाखवली. ऑफिसभर फिरलेली, साहेबांची. बहिऱ्याकडून ॲम्प्लिफायर घेतल्याचा किस्सा, खाली दुकानाचा पत्ता. त्याखाली पन्नासेक जणांचे विनोद. मी वाचली आणि बंद केली. मीही हसलो असेन, कारण दाखवणारा माझ्याकडे बघत होता.

यंदा धीर करून मी सीटकव्हरवाल्यांना फोन केला. नाव सांगितलं नाही. शेजारच्या दुकानाचं विचारलं.

"ते? तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात," ते म्हणाले. "मधे कानाला मशीन लावून बसायचे. बहिरा बहिरा म्हणून लोक आधीच यायचे कमी झालेले, त्यात ते मशीन दिसलं की पायरीवरूनच परत. तरी वर्षभर बसले. मग बंदच केलं."

"आता कुठे असतात?"

"धायरीला, मुलीकडे."

"फोन नंबर मिळेल का? मला त्यांच्याशी बोलायचं होतं."

"बोलायचं होतं?" ते म्हणाले. "अहो, दोन्ही कान गेले त्यांचे. आता मशीन लावूनही काही पोचत नाही. काय सांगायचं असेल ते लिहून आणून द्या, मी नेऊन देतो. पण मोठ्या अक्षरात लिहा."