गच्चीच्या वहीतले चार दिवस

आमच्या गच्चीच्या दाराला आतून एक खिळा आहे. मार्च लागला की त्यावर एक वही टांगली जाते, दोऱ्याने बांधलेल्या पेन्सिलीसकट, आणि मे संपला की उतरते. गच्ची एक, घरं चोवीस आणि वाळवण जवळजवळ सगळ्यांनाच घालायचं, म्हणून ही सोय. दिवसाला दोन घरं. कोणी काय घातलं, कधी उचललं, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. निम्मी घरं कोकणातली, त्यांच्या फेण्या आणि पोह्याचे पापड. बाकीची बहुतेक वऱ्हाड-मराठवाड्याकडची, त्यांच्या कुरडया आणि सांडगी मिरच्या. मी सोसायटीची सेक्रेटरी होण्याआधी दर उन्हाळ्यात जिन्यात भांडणं व्हायची. वही आल्यापासून भांडणंही तिच्यातच होतात. शेऱ्यात कोणीही काहीही लिहू शकतं आणि लिहितात. ‘चौथ्या मजल्याने आमच्या जागेत मिरच्या पसरल्या.’ ‘पसरल्या नाहीत, वाऱ्याने गेल्या.’

मुलुंडला आमच्या मागच्या रस्त्यावर काँक्रीट बनवणारा प्लांट सुरू झाला आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द वारंवार यायला लागला. धूळ.

त्या हिवाळ्यात महापालिकेची निवडणूक लागली आणि तिसऱ्या मजल्यावरची माझी मैत्रीण अपक्ष उभी राहिली. ती दवाखान्यात नर्स होती, नुकतीच निवृत्त झालेली. वडील जालन्याकडून आले, मानखुर्दला खोली घेतली, तिथून शिकून ती इथवर आली. चौदा एप्रिलला अख्ख्या इमारतीला खीर तिच्याच घरून जाते. बोलायला फटकळ, पण वॉर्डातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना इंजेक्शन हिनेच दिलेलं, त्यामुळे दार कोणी तोंडावर लावत नव्हतं. पक्ष नाही, पैसा नाही. तिच्याकडे एकच गोष्ट होती: ही बाई खोटं बोलत नाही, असं लोक म्हणत. तेवढ्या एका गोष्टीवर ती उभी होती.

समोरचा उमेदवार दोनदा निवडून आलेला. माणूस वाईट नाही. लग्नाला येतो, मयताला येतो, नावाने हाक मारतो. आसपासच्या सोसायट्यांच्या सभेत कोणीतरी प्लांटचा विषय काढला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “कंपन्यांच्या मागे रोज इन्स्पेक्टर लावून शहर उभं राहत नाही. एवढी मोठी कंपनी, तिला स्वतःच्या नावाची काळजी असते. ती स्वतःची तपासणी स्वतः करते, तसं लिहून देते. आपण थोडा विश्वास ठेवायला शिकलं पाहिजे.”

मी तिथे होते आणि मी ते उतरवून घेतलं. संध्याकाळी मैत्रिणीला वाचून दाखवलं.

“परत वाच,” ती म्हणाली. मी परत वाचलं. “म्हणजे पेशंटनेच स्वतःचा ताप बघायचा आणि स्वतःच डिस्चार्ज घ्यायचा. झकास! यावरच बोलते मी चौकातल्या सभेत. तुझी ती गच्चीची वही दे ना.”

ठरलं असं की मी गेल्या उन्हाळ्यातले धुळीचे सगळे दिवस काढून यादी करायची, ती सभेत वाचणार आणि शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू बोलणार. काकूंची गोष्ट सगळ्या गल्लीला माहीत होती. मुलीच्या लग्नाच्या रुखवतासाठी त्यांनी दोन दिवस खपून तांदळाच्या फेण्या घातल्या आणि त्या धुळीने गेल्या. वाणी, रिक्षावाला, भाजीवाली, सगळ्यांना त्यांनी ते सांगितलं होतं. प्लांटने माझ्या पोरीचं रुखवत नासवलं.

सभेच्या आदल्या दुपारी मी यादी पक्की करायला बसले. कुठलीही यादी दुसऱ्या एखाद्या कागदाशी ताडून बघितल्याशिवाय मी पुढे देत नाही. म्हणून सोसायटीची दुरुस्तीची फाइल काढली. सहज काढली. गच्चीवर त्या काळात आणखी काही चाललं होतं का, एवढंच बघायचं होतं.

चाललं होतं. पाण्याच्या टाकीचं जुनं प्लास्टर घासून काढायचं काम. चार दिवस, दुपारी बारा ते तीन. परवानगीच्या कागदावर माझी सही. आणि माझ्याच अक्षरात खाली सूचना: ‘महिला दुपारी खाली असतात, त्याच वेळेत काम उरकावे.’

ते चारही दिवस माझ्या यादीत होते. चारही दिवशी शेरा होता धूळ. आणि त्यातल्या दुसऱ्या दिवशी गच्चीवर काकूंच्या फेण्या होत्या.

मग एकेक आठवत गेलं. त्या दिवशी काकू ताट घेऊन माझ्या दारात आल्या होत्या. मी फोनवर होते. ताटावर पांढरी पूड होती, पिठासारखी. प्लांटची धूळ राखाडी असते, चिकट असते, बोटाला लागली की जात नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी फोनवर हात ठेवून म्हटलं होतं, “प्लांट, दुसरं काय!” बस. माझ्या त्या तीन शब्दांची काकूंनी गोष्ट केली आणि गोष्ट आता सभेत जाणार होती. टाकी दुरुस्त करणारा माणूस समोरच्या उमेदवाराच्या गल्लीत राहतो. त्याने एकदा तोंड उघडलं असतं तर संपलंच.

मी तशीच तिसऱ्या मजल्यावर गेले. मैत्रीण घरोघरी फिरून आली होती आणि गरम पाण्याच्या टबात पाय सोडून भाषण लिहीत होती. तिचे यजमान पत्रकं मोजत होते. मी दोन्ही कागद तिच्यासमोर ठेवले.

तिने वाचलं. “वाट लागली,” ती म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. “तू? तू चुकलीस? तू तर दुधाच्या पिशव्यांवर पण वार लिहितेस.”

“चुकले.”

यजमान म्हणाले, “ताई, चार ओळी आहेत, गाळून टाका. बाकीचे दिवस खरेच आहेत ना? आणि काकूंना सांगू, घसा बसलाय म्हणा, बोलू नका.”

मला खरं सांगायचं तर तो उपाय बरा वाटला. यादी तरीही लांबच राहत होती. पण मैत्रीण टबातून पाय काढून ओल्या पायांनीच उठली.

“गाळायचं आणि गप्प बसायचं? मग त्याच्यात आणि माझ्यात फरक काय रे? तो म्हणतो कंपनीने स्वतःच स्वतःला पास करावं, आणि मी इथे घरात बसून तेच करू? चारही ओळी राहतील. मी वाचीन. पण त्याआधी हिने काकूंना सांगायचं. सभेत पहिल्यांदा कळलं तर त्या आयुष्यभर माझं तोंड बघणार नाहीत.”

दुसऱ्या मजल्यावर जायला मला नेहमी अर्धं मिनिट लागतं. त्या दिवशी जास्त लागलं. काकू नारळ खवत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं, सरळ, एका दमात: काम कोणतं, परवानगी कोणाची, फोनवर मी काय म्हटलं.

काकू एरवी माझ्याशी शहरी मराठी बोलतात. राग आला की मालवणी.

“म्हणजे प्लांट नाय. तू.”

“मी.”

“गो, माका तेव्हाच सांगूक काय झाला? वर्षभर मी त्या प्लांटवाल्याक शिव्या घालतंय!”

“तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही, काकू. आज आलं.”

त्यांनी खवणी बाजूला सारली. मला वाटलं, आता दार दाखवतील. मग म्हणाल्या, “बस. खोबरा खा.” मी बसले. त्यांनी हातावर चिमूटभर खोबरं ठेवलं आणि तरीही माझ्याकडे बघितलं नाही. निघताना मी विचारलं, उद्या बोलणार का? “बघतंय,” एवढंच उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौकात खुर्च्या लागल्या. माणसं बरी जमली होती. समोरच्या उमेदवाराची चार-पाच पोरंही मागे मोटारसायकलींवर बसून ऐकत होती. मैत्रिणीने यादी वाचली, तारीख, वार, मजला, पदार्थ. लोक हसत होते, कारण कोणाच्या कुरडया आणि कोणाचे सांडगे हे सगळ्यांना ओळखू येत होतं. त्या चार दिवसांपाशी ती थांबली.

“ही धूळ प्लांटची नाही. ही आमच्या टाकीची. आमच्या सेक्रेटरीनेच परवानगी दिली, आणि आमच्या सेक्रेटरीनेच प्लांटचं नाव घेतलं. काल तिच्या लक्षात आलं, तिने येऊन सांगितलं. म्हणून मी तुम्हाला सांगते.”

मी पहिल्या रांगेत होते.

मागून एक पोरगा ओरडला, “मग आमचे भाऊ तेच बोलतात ना, ताई! माणूस आपली चूक आपण सांगतो! विश्वास ठेवा!”

हशा पिकला. मला वाटलं, झालं. एवढ्या मेहनतीने आम्ही त्यालाच भाषण लिहून दिलं.

मैत्रीण पण हसली. “बरोबर बोललास. हिने सांगितलं. पण का सांगितलं, विचार ना. ही फार साधी आहे म्हणून? अजिबात नाही, मला विचार, मी पंचवीस वर्षं शेजारी राहते.” पुन्हा हशा, आता माझ्यावर. “सांगितलं, कारण ती वही गच्चीच्या दाराला टांगलेली असते. कोणीही उघडतं, कोणीही शेरा मारतं. त्यात खोटं फार दिवस टिकत नाही. भाऊ म्हणतात, कंपनी स्वतःची तपासणी करून कागद भरते. भरू दे की! पण तो कागद कुठे टांगलाय? मला दाखव. मी पेन्सिल घेऊन येते.”

पोरगा काही बोलला असेल, टाळ्यांत ऐकू आलं नाही.

आणि तेवढ्यात काकू उठल्या. कोणी बोलावलं नव्हतं. माईक त्यांच्या हनुवटीला लागत होता, तसाच त्यांनी धरला.

“फेण्या हिने घालवल्या,” माझ्याकडे बोट. “ते माझं आणि हिचं, आम्ही बघून घेऊ. पण माझा खोकला हिने नाही आणला. दीड वर्ष झालं. माझ्या नातवाला रात्री वाफ द्यावी लागते. ती टाकी चार दिवसांत झाली. प्लांट रोज चालतो. एवढंच.” आणि खाली येऊन बसल्या. माझ्या शेजारच्या खुर्चीत.

निवडणूक ती हरली. दुसरी आली. त्या दिवशी आम्ही तिच्याकडे जमलो तर तीच सगळ्यांना चहा देत फिरत होती. “अपक्ष बाई दुसरी येते म्हणजे काय चेष्टा आहे का?” असं तीच आम्हाला समजावत होती. टाकीवाला खरंच दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे बोलला होता म्हणे, सभेच्या दुसऱ्या दिवशी. त्याला उत्तर मिळालं, “ते त्यांनी सांगितलं की रे कालच.” हे ऐकल्यावर ती जी हसत सुटली, ती निकालाचं सगळं विसरली.

महिन्याभराने आम्ही तिघी नव्या नगरसेवकाच्या, म्हणजे त्याच भाऊंच्या ऑफिसात गेलो. अर्जात मागणी एकच होती: प्लांटने महापालिकेला जे काही स्वतः लिहून दिलंय, त्याची प्रत दर महिन्याला गेटवर लावावी. त्याने दोन्ही पानं नीट वाचली. वाचतो, हे त्याचं मान्य करायला हवं.

“ताई, माझं मत तेच आहे हां. कंपनीचं कंपनी बघते.”

“बघू दे ना, भाऊ,” मैत्रीण म्हणाली. “आम्ही फक्त गेटवरून जाता-येता वाचू.”

त्याने पेन उघडलं. मग काकूंकडे बघून विचारलं, “खोकला कसा आहे?”

“येऊन बस एक दिवस आमच्या खिडकीत,” काकू म्हणाल्या, “तुझा तुलाच कळेल.”

तो हसला आणि त्याने सही केली. पुढे पाठवतो, म्हणाला. मी आमच्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारून घेतला, तारीख नीट उमटली आहे ना ते बघितलं, आणि आम्ही तिघी बाहेर पडून कोपऱ्यावर उसाचा रस प्यायलो. काकूंनी बर्फ नको म्हणून सांगितलं, खोकल्यासाठी, आणि पैसे मला द्यायला लावले, फेण्यांसाठी.