मुठीतली जादू
महाशिवरात्र आली की मला कुणकेश्वरची ती जत्रा आठवते. लग्नानंतरचं माझं पहिलंच वर्ष होतं. समुद्रावरून खारं वारं येत होतं, खाज्यांच्या गुळाचा वास सुटला होता आणि कनातीत एक जादूगार खेळ करत होता. माझे सासरे जुने तांडेल, मच्छीमार होडीचे प्रमुख, पण आता डोळे गेलेले. लोक हसले की ते विचारायचे, "काय झाला गो?" मी सांगेपर्यंत पुढचा खेळ सुरू झालेला असायचा. शेवटी ते म्हणाले, "चल, घराक जावया." माझा हात धरून त्यांना उठताना जादूगाराने पाहिलं. खेळ थांबवून तो खाली आला, त्यांच्या तळहातावर लोकरीचा गोळा ठेवला आणि म्हणाला, "आजोबानू, मूठ आवळून धरा." मग आपल्या हातातल्या दुसऱ्या गोळ्यावर त्याने फुंकर मारली आणि तो गोळा नाहीसा झाला. सासऱ्यांनी मूठ उघडून चाचपली आणि हळूच म्हणाले, "दोन आसत रे." घरी जायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. खेळ संपल्यावर मी जादूगाराला विचारलं, "ह्या तुमका सुचला कसा?" तो म्हणाला, "वयनी, समोर कोण बसला आसा ता आधी बघूचा, आपल्या हातांकडे मगे." पुढे मी शाळेत शिकवायला लागले. वर्गात शिरल्यावर पुस्तक उघडण्याआधी मी मुलांचे चेहरे पाहायचे.