कोपराला कळणारी काठी

मी बायकोचं कौतुक सुरू केलं की आमच्या चर्चमधली माणसं घड्याळाकडे बघायला लागतात. बघू देत. आयुष्यभर मी शाळेची बस चालवली, आणि मागच्या बाकांवरून काय काय ऐकून घेतलं ते माझं मला माहीत. आता माझी पाळी आहे. मी ओनीटाबद्दल बोलणार, आणि ज्याला उठून जायचंय त्यानं खुशाल जावं.

ओनीटा मासे गरवायला बसली की तलावाचा तळ तिला दिसायचा. दिसायचा म्हणजे हाताला. गंटर्सव्हिलचं धरण झालं तेव्हा तिच्या आजोबांची शेतं, घर, गिरणीकडे जाणारा रस्ता, सगळं पाण्याखाली गेलं. तिचा बाप तेव्हा शाळकरी पोरगा होता. पुढे त्यानं लेकीला होडीत बसवून ते सगळं दाखवलं, तेही जिग ओढून. जिग म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ, त्याला रबराची झालर आणि मागे मऊ रबराची शेपटी. तो तळाला जाऊ द्यायचा आणि हळूहळू ओढायचा. नायलॉनचं तंगूस ताणलेलं, काठी हातात, आणि ओनीटा पाण्याकडे न बघता सांगत जायची, "खडी. खडी. इथं रस्ता संपला. चिखल. हे कुंपणाचे दगड. थांब, ही आजीच्या स्वयंपाकघराची पायरी."

मी शेजारी बसून तसाच जिग तसाच ओढायचो. मला सगळीकडे एकच कळायचं, ओलं.

बास मासा अशाच पायरीच्या आडोशाला बसतो. जिग समोरून गेला की तोंडात घेतो, आणि खोटा आहे हे कळलं की थुंकून टाकतो. घेणं आणि थुंकणं यांच्या मधे जेवढा वेळ असतो तेवढ्यात बोटांना कळलं पाहिजे आणि हिसका बसला पाहिजे. ओनीटाच्या बोटांना कळायचं. आमच्या किनाऱ्यावरचे बापे हे कबूल करताना खोकायचे, पण करायचे.

आणि ती बोटंच गेली. कोंबड्यांच्या कारखान्यात तिनं तरुणपण घालवलं. गार खोलीत उभं राहून, ओलं मांस, हातात सुरी, एकच हालचाल दिवसभर. डॉक्टरांनी मनगटाला चिरा देऊन दबलेली शीर मोकळी केली. दुखणं थांबलं, पण अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली ती झालीच. बिस्किटांचं पीठ कसं झालंय हे तिला आता डोळ्यांनी बघावं लागतं. शर्टाच्या गुंड्या मी लावतो. त्याबद्दल ती कुरकुरली नाही. गरवण्याबद्दल मात्र कुरकुरण्याच्याही पलीकडे गेली, म्हणजे गप्प झाली. ओनीटा गप्प झाली की आमच्या घरात कुत्रासुद्धा पायरीवर जाऊन बसतो.

मी मदत करायला गेलो. होडीत तिच्या तंगुसावर नजर ठेवून बसायचो. जरा हललं की ओरडायचो, "आता!" ती हिसका द्यायची. असे चार-दोन मासे आले. मला वाटलं, जमलं की! एका दुपारी चांगला मोठा मासा आला. तिनं तो सोडून दिला, काठी होडीच्या तळाशी ठेवली आणि म्हणाली, "हॉयट, हा मासा तू पकडलास. मी नुसता हात आहे, तुझ्या तोंडाला लावलेला."

मी होडी काठाकडे वळवली. 

तिचा धाकटा भाऊ रेफर्ड मात्र सल्ला द्यायला कधी अडत नाही. रविवारी आमच्याकडे जेवायला आला आणि तळलेल्या भेंडीचा तिसरा घास तोंडात असतानाच म्हणाला, "ताई, जिगचा हट्ट सोड ना. फिरत्या पात्याची गरी टाक. फेकायची, गुंडाळायची. मासा आपण होऊन अडकतो."

"मासा आपण होऊन अडकणार असेल तर मी कशाला हवी?" ओनीटा म्हणाली. "होडी आणि मासा दोघांनाच पाठव."

"तसं असेल तर होडी मला दे. दारात पडून कुजायला लागलीय."

मला वाटलं, आता भेंडीचं ताट त्याच्या डोक्यावर. पण ओनीटानं थोडा विचार केला. "इस्टरनंतर चर्चची जोडप्यांची मासे गरवायची स्पर्धा आहे. ती संपेपर्यंत मासा माझा मला कळला नाही, तर होडी तुझी."

ओनीटा एकदा बोलली की दगडावरची रेघ. रेफर्डनं लगेच होडीच्या मापाची ताडपत्री बघायला सुरुवात केली. मेहुणा म्हणून मी त्याच्यावर प्रेम करतो, एवढंच सांगतो.

दुसऱ्या दिवशी मी डेल्टनच्या दुकानात गेलो. पेट्रोल पंपामागे त्याचं गळ-काठ्यांचं दुकान आहे, दाराशी उकडलेल्या शेंगांचं पातेलं. डेल्टन लहानपणी माझ्या बसमधे शेवटच्या बाकावर बसायचा आणि टरफलं खाली टाकायचा. आता माणूस झालाय. मी म्हटलं, "सगळ्यात हलकी, सगळ्यात महाग." त्यानं दिली. किंमत विचारू नका, मीही ओनीटाला सांगितलेली नाही. काळीभोर, पिसासारखी काठी. ओनीटानं तलावावर नेली, सकाळभर जिग ओढला, आणि परत येऊन मला म्हणाली, "फार सुंदर काठी आहे रे. मला काही म्हणजे काही कळत नाही." आणि स्वतःच गाडी काढून दुकानाकडे निघाली. मी पळत जाऊन शेजारी बसलो.

डेल्टननं तिला खुर्ची दिली आणि, आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही आदरानं मिस म्हणतात तसं, म्हणाला, "मिस ओनीटा, जिगसाठी काठी अंगानं ताठ हवी आणि शेंड्याला चपळ. तशा माझ्याकडे पुष्कळ आहेत. तुम्हाला कोणती बोलते ते बघू." आमच्याकडे काठीची परीक्षा घ्यायची एक रीत आहे. काठीचा शेंडा एकानं कंठावर टेकवायचा आणि बोलायचं. दुसऱ्यानं मूठ धरायची. चांगल्या काठीतून आवाज थरथरत मुठीपर्यंत उतरतो, वाईट काठी तो मधेच गिळते.

शेंडा अर्थातच माझ्या कंठावर आला.

"बोल," ओनीटा म्हणाली.

"काय बोलू?"

"एरवी विचारतोस का?"

डेल्टन शेंगांच्या पातेल्यात तोंड घालून हसला. मी मग बसचा मार्ग म्हणायला लागलो, कारण तो मला झोपेतही येतो. मॅकएल्रॉयचं फाटक. बाप्टिस्ट चर्चचं वळण. जुना पूल, इथं उतरणारी दोन जुळी, दोन्ही चावणारी. ओनीटा डोळे मिटून मूठ धरायची आणि मान हलवायची. नाही. दुसरी. नाही. भिंतीवरच्या काठ्या संपत आल्या, माझा घसा बसत आला. पंपावर गाड्या लावून माणसं आत येऊन उभी राहिली. कोणी हसलं नाही. ओनीटाचा चेहरा बघून हसायची कोणाची छाती नव्हती.

शेवटच्या दोन-तीन उरल्या तेव्हा तिचा हात दमला. काठीचं वजन पेलवेना म्हणून तिनं मुठीचं मागचं टोक हाताच्या खाली घेतलं, मनगटापासून कोपरापर्यंत टेकवलं, आणि डेल्टनला ती परत द्यायला वळली. शेंडा अजून माझ्या कंठावरच होता आणि मला कोणी थांब म्हणालं नव्हतं, म्हणून मी बोलतच होतो.

ती जागच्या जागी थबकली. "थांब," म्हणाली. मी थांबलो. "अरे थांबू नकोस! बोल!"

"जुना पूल," मी म्हणालो. "दोन जुळी."

"इथं." तिनं डाव्या हातानं कोपराच्या अलीकडे बोट लावलं. "इथं येतोयस तू."

बोटं बधिर होती, पण हात कुठं बधिर होता? हे डॉक्टरांना माहीत होतं, मला माहीत होतं, तिला तर होतंच. पण काठी हातात धरायची, बोटांनी ऐकायचं, हे इतकं पाठ झालेलं की दुसरं काही आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मग खरी निवड सुरू झाली. ओनीटानं बाही वर सारली. आता आखूड मुठीच्या काठ्या बाद, कारण त्या कोपरापर्यंत पोचतच नाहीत. डेल्टन म्हणाला, "लांब मुठीच्या हल्ली कोणी घेत नाही, मिस ओनीटा. तरंगायच्या जाकिटात अडकतात." "माझं जाकीट मी बघेन," ती म्हणाली. त्यानं आतून चार काढल्या. एकीची मूठ सगळी बुचाची होती. "हे बूच मऊ आहे, हॉयटच्या आवाजाला उशी लावल्यासारखं वाटतं." बाद. एक जड, शेंडा पुढे झुकणारी. दिवसभरात मनगट गळून जाईल. बाद. तिसरीची मूठ दोन तुकड्यांत होती आणि मधे काठी उघडी. ती उघडी काठी तिनं थेट कातडीवर टेकवली आणि मला हळू बोलायला सांगितलं. मग आणखी हळू. मग नुसतं गुणगुणायला.

"आता काही बोलू नकोस," ती म्हणाली. "गीळ."

  मी आवंढा गिळला.

"कळलं," ओनीटा म्हणाली. "हीच."

घरी आणल्यावर लगेच काही चमत्कार झाला नाही. डेल्टननं निघतानाच बजावलं होतं, "कंठावर कळणं वेगळं, तळाचं कळणं वेगळं." खरंच होतं. आधी तिला नुसतं कठीण आणि मऊ एवढंच कळायचं. ती रोज जायची. काठी कोपराशी धरून, अवघडून, एकाच जागी जिग ओढत बसायची आणि शिव्या द्यायची. चर्चला जाणाऱ्या बाप्टिस्ट बाईनं देऊ नयेत अशा. हळूहळू खडी आली. मग खडी आणि दगड वेगळे झाले. एका संध्याकाळी म्हणाली, "कुंपण सापडलं," आणि स्वयंपाक न करता झोपून गेली. मला तर मिरवणूक काढावीशी वाटली. पण मासा एकही कळला नव्हता. घेऊन थुंकून जात असतील, तिला पत्ता नव्हता, आणि मी "आता" म्हणायचं नाही असा हुकूम होता.

अशात स्पर्धेचा दिवस उजाडला. चर्चची सगळी जोडपी पाण्यावर. रेफर्ड आणि त्याची बायको आमच्यापासून हाकेच्या अंतरावर फिरत्या पात्याच्या गऱ्या फेकत होते आणि एकामागून एक मासे काढत होते. प्रत्येक माशाला रेफर्ड टोपी उंचावून आम्हाला दाखवायचा. आम्ही आजोबांच्या बुडालेल्या घरावर होडी थांबवून बसलो होतो. ऊन वर आलं. मी सँडविच खाल्लं. तिचंही खाल्लं. ती बोलत होती, पण माझ्याशी नाही. "रस्ता. रस्ता. चर. कुंपण. कुंपण. चूल असेल ही. पायरी."

मी तिच्या तंगुसावरून नजर हलवली नव्हती. हे मी शपथेवर सांगतो. तंगूस पाण्यात शिरतं तिथं एक तरंगसुद्धा उठला नाही, एक केसभर ते सरकलं नाही. आणि ओनीटानं खांद्यापासून असा हिसका मारला की होडी हलली. काठी वाकून तशीच राहिली.

"झालं," मी म्हणालो. "आजीच्या पायरीत अडकवलास."

आणि मग ती पायरी डावीकडे निघाली.

जाळं घेताना मी माझ्या बुटांत अडकलो आणि अर्धा पाण्यात गेलो, ते जाऊ दे. मासा होडीत आला. चांगला जाड, हिरवा, रागावलेला. ओनीटा त्याच्याकडे बघतच बसली. 

"माशाचा ठोका बसला का गं?" मी विचारलं. "मला तर काही दिसलं नाही."

"ठोका नव्हताच," ती म्हणाली. "पायरीवर जिगचं वजन होतं. आणि एकदम ते वजन नाहीसं झालं. कोणीतरी उचलून धरल्यावर होतं तसं." आणि ती रडली. कारखाना सोडला तेव्हाही मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

वजनकाट्यावर रेफर्डची पिशवी माशांनी भरलेली होती आणि आमच्या पिशवीत एकच. बक्षीस त्याला मिळालं. मिळू दे. सगळे गोळा झाले होते, पाद्रीबाबा, डेल्टन, बायका, कोल्ड्रिंकचे डबे घेतलेली पोरं. रेफर्डनं आमचा मासा बघितला, बहिणीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हॉयट, होडीचा प्रश्न आहे, खरं सांग," तो म्हणाला. "'आता' तू म्हणालास ना?"

"मी?" मी म्हणालो. "मी डोळे फाडून बघत होतो रेफर्ड, आणि मला काही दिसलं नाही!" मग पाद्रीबाबांकडे वळून पुन्हा, पलीकडच्या काठावरच्या चर्चमधल्या मेथडिस्टांनाही ऐकू जाईल असं सांगितलं. "मला दिसलं नाही! तिला कळलं!"

ओनीटा म्हणाली, "हॉयट, पुरे."

मी तिसऱ्यांदा सांगितलं.