विहिरीशेजारचा पाया

कुठल्या जमिनीला कुठलं यंत्र, हे कॉलेजात आम्हाला एका तक्त्यावर शिकवलं होतं. डाव्या बाजूला जमिनीचा प्रकार, वर खोली, आणि दोन्ही रकाने जिथे भेटतील तिथे यंत्राचं नाव. तीस वर्षं साइटवर काढल्यावर आता तो तक्ता आठवला की हसूही येत नाही, नुसता कंटाळा येतो. आमच्याकडे यंत्र ठरतं ते कुठलं रिकामं आहे त्यावर. हंगामात ट्रॅक्टर मागावा तर सगळे ढोकीच्या साखर कारखान्याकडे उसाच्या खेपा करत असतात. पोकलेन मागावं तर ते उमरग्याकडे कुणाच्या तरी कामावर अडकलेलं असतं. मग मिळेल ते घ्यायचं आणि कागदावर मात्र ते आपणच विचारपूर्वक निवडलं असं लिहायचं. हे लिहिण्यात माझा हात चांगलाच बसला आहे.

एका वर्षी तामलवाडीच्या अलीकडे एका ओढ्यावर लहानसा पूल बांधायचा होता. मी ठेकेदाराचा इंजिनिअर. दोन काठांना दोन पाये, त्यावर दोन भिंती आणि वर स्लॅब, एवढंच काम. ओढा वर्षातले आठ महिने कोरडा असतो, पण पावसाळ्यात पलीकडची वस्ती दोन-दोन दिवस अडकून पडायची. शाळेची पोरं अलीकडे राहायची नाहीतर पलीकडे. म्हणून काम जूनच्या आत उरकायचं होतं, आणि आमचे ठेकेदार मालक मला दिवसातून तीनदा फोन करून जून कधी येतो ते सांगायचे.

आमच्या काठाच्या पायापासून पन्नास पावलांवर एक विहीर होती. तिच्यावर दोन एकर द्राक्षबाग. बागेचे मालक साठीच्या पुढचे, उंच, कमी बोलणारे गृहस्थ. वडिलांनी आणि चुलत्यांनी स्वतः खोदलेली विहीर, हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. शेवटचे काही हात खडक लागला तेव्हा चुलत्यांचं एक बोट गेलं, हेही सांगितलं. विहिरीला एकच झरा, तोही ओढ्याच्या अंगानं येणारा. एप्रिलच्या छाटणीनंतर बागेला पाणी कमी पडलं तर पुढच्या वर्षी घड धरत नाहीत, त्यामुळे आमच्या खड्ड्यात काय चाललंय याकडे ते रोज लक्ष ठेवून असायचे.

सुरुवातीला मला त्यांची काळजी फाजील वाटली होती. चाचणीच्या खड्ड्यात वर काळी माती आणि खाली नरम मुरूम निघाला होता. अशा जमिनीला साधा जेसीबी पुरतो. तसा तो मी लावलाही. पलीकडचा पाया आठवड्यात भरून झाला. मग जेसीबी या काठाला आला आणि दुसऱ्याच दिवशी बकेटचे दात खडकावर कर्रकर्र वाजायला लागले. खाली अखंड काळा पाषाण होता.

चूक माझी होती, ती इथे सांगून टाकतो. या काठाला चाचणीचा खड्डा घ्यायच्या दिवशी वैशाखातलं ऊन होतं. पायाच्या खुणेची खुंटी उघड्या रानात होती आणि तिच्यापासून पंचवीस-तीस फुटांवर लिंबाचं झाड होतं. मजूर त्या झाडाखाली बसले होते, मीही बसलो होतो. "इथंच घ्या, तेवढ्यानं काय फरक पडतोय," असं मीच म्हणालो. आमच्या भागात चाचणीचे कितीतरी खड्डे सावलीत घेतले जातात. खुंटीपाशी खोदलं असतं तर खडक आधीच दिसला असता, आणि पुलाची रेघ कागदावर सरकवणं हे एका दुपारचं काम होतं. आता पलीकडचा पाया भरलेला होता. पूल तर एका काठावरून दुसऱ्या काठावरच जाणार.

मालकांनी फोनवर एका वाक्यात निकाल दिला, "सुरुंग लावा, दोन दिवसांत मोकळे व्हा."

बातमी माझ्या आधी बागेत पोचली. दुपारी ते गृहस्थ खड्ड्याच्या काठावर येऊन उभे राहिले. रागानं नाही, उलट जरा ओशाळल्यासारखे.

"सायेब, सुरुंग लावू नका. खडक हादरला की झरा वाट बदलतोय. लोकांच्या हिरी गेलेल्या म्या बघितल्यात."

पुस्तकात याला आधार आहे का, असं मला कुणी विचारलं असतं तर मी थोडा आहे, थोडा नाही असं उत्तर दिलं असतं. पण त्यांच्यापुढे मला ते उत्तर देववेना. सावलीतल्या खड्ड्याची लाज होतीच मनात.

"नाही लावत," मी म्हणालो. "शब्द देतो."

मग ठेकेदार मालकांशी भांडण. आयुष्यात जी चार-दोन भांडणं मी शेवटपर्यंत नेली, त्यातलं हे एक. सुरुंगाऐवजी पोकलेनला ब्रेकर लावून खडक फोडायचा, दिवस जातील तर जातील, असं मी ठरवून घेतलं. मालक म्हणाले, "तुम्ही पूल बांधताय का विहीर राखताय?" मी पोकलेनवाल्याला फोन लावला.

पोकलेन यायलाच पाच दिवस लागले. मग अकरा दिवस ती टकटक. सकाळी सुरू झाली की संध्याकाळपर्यंत दातांत, कानांत, जेवणाच्या डब्यात तोच आवाज. मी खुर्ची टाकून बसायचो आणि सुरुंगानं आतापर्यंत भिंत उभी राहिली असती, हा हिशेब मनातून जाता जायचा नाही. पण बागेतून रोज कुणीतरी चहा आणून द्यायचं. एकदा पिशवीभर बेदाणे आले. मला, काय सांगू, स्वतःचं थोडं कौतुकही वाटायला लागलं होतं.

अकराव्या दिवशी, खोलीला हातभर उरलं असताना, ब्रेकरखाली खडकाची एक कपार उघडली आणि पाणी आलं. उसळी वगैरे काही नाही, मनगटाएवढी धार शांतपणे खड्ड्यात उतरली आणि समोरच्या अंगाच्या फटीत जायला लागली. ती फट विहिरीच्या दिशेची होती.

मी माणूस पाठवायच्या आत ते आले. पायताण काठावर काढून खाली उतरले, ओंजळ भरली, चूळ भरावी तसं पाणी तोंडात घोळवलं.

"माझंच हाय," ते म्हणाले. "जरा मचूळ लागतंय बघा. हिरीचं असंच लागतंय."

सुरुंग लावला असता किंवा नसता, तो झरा त्या खड्ड्यातूनच जात होता. ज्या जागी पाया भरायचा, नेमकी तीच त्याची वाट होती. 

पुढचे तीन दिवस आम्ही दोघांनी जमेल ते केलं. काँक्रीट ओतायचं तर खड्डा कोरडा हवा, म्हणून पंप लावला. पाणी ओढ्यात सोडत होतो तर ते म्हणाले, "वढ्यात कशाला, हिरीत सोडा." सोडलं. पायाच्या कडेनं, नकाशाबाहेर, छिन्नी-हातोड्यानं एक चर काढला. पोकलेन उरलेलं हातभर फोडून दुसऱ्या कामावर निघून गेलं होतं. चरात पाइप घातला, एक तोंड वरच्या कपारीशी आणि दुसरं खालच्या फटीशी, आणि भोवती गोटे रचले. अर्धे गोटे त्यांनी स्वतः बागेच्या बांधावरून आणले. साठी उलटलेला माणूस, एक-एक गोटा धुऊन मला देत होता. काँक्रीट ओतलं त्या दिवशी पाइपातून पाणी खळखळ चाललेलं आम्ही कान लावून ऐकलं. तेव्हा ते हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायावर पाणी मारायला माणूस लावला आणि विहिरीकडे गेलो. ते कठड्याशी उभे होते. दोरीला दगड बांधून खोली मोजत होते. रोज मोजायचे, हे मला त्या दिवशी कळलं.

"किती?" मी विचारलं.

"दीड हात उतरलं. राती मोटर लावलीच न्हवती."

आत वाकून पाहिलं. झऱ्याच्या जागी खडक नुसता ओला होता. धार नव्हती. काँक्रीटच्या वजनानं म्हणा, सिमेंटच्या पाण्यानं म्हणा, कुठेतरी वाट बुजली होती. पाणी आता खाली कुठे गेलं होतं ते कुणालाच सांगता येणार नव्हतं, मला तर नाहीच. मी पाइपाबद्दल काहीतरी बोलायला लागलो, चार दिवस वाट बघू, कधी कधी पुन्हा लागतं, असं. माझं मलाच ते खरं वाटत नव्हतं.

त्यांनी मला बोलू दिलं. मग दोरी वर ओढत म्हणाले, "तुमी सबूद पाळला सायेब. सुरुंग लावला असता तर तुमाला शिव्या तरी घातल्या असत्या म्या."

"मग घाला की," मी म्हणालो.

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि ओली दोरी हातावर गुंडाळत राहिले.